विळी, सुरी आणि चॉपर : भाजी चिरण्याच्या हत्यारांचा इतिहास

१/२३
आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मराठी घरांत शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. ज्यांच्या घरी तलवार नाही, त्यांच्या पाटावर विळा, खुरपे, कुऱ्हाड, अडकित्ता आणि स्वयंपाकघरातली विळी मांडलेली असते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या या पात्यांना त्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात.

२/२३
याच सुमारास हिंगोली शहरात रामलीला मैदानावर दसरा महोत्सव भरतो. दीड शतकाहून अधिक परंपरा सांगणाऱ्या या महोत्सवाचे प्रदर्शन पाहायला जिल्हाभरातून लोक येतात. अशा प्रदर्शनांत भाजी चिरण्याच्या नव्या साधनांचे प्रात्यक्षिक दाखवणारा विक्रेता सहसा असतोच. दोरी ओढली की कांदा बारीक होतो, पाटीवर काकडी सरकवली की एकसारख्या चकत्या पडतात. आदल्या दिवशी जुन्या पात्याची पूजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वारसदाराची खरेदी, असा हा योग आहे. या दोन दिवसांच्या मध्ये लोखंडाचा, लोहारांचा आणि स्वयंपाकघराच्या बैठकीचा मोठा इतिहास दडलेला आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

३/२३
आरंभ शब्दांपासून करू. दोघांचे हाडवैर सांगताना मराठी माणूस उपरोधाने ‘विळ्याभोपळ्याएवढे सख्य’ म्हणतो. विळा शेतातला, विळी घरातली. एकाच वाकड्या पात्याचे हे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप. विळा हातात धरून उभ्या पिकावर चालवायचा. विळी पाटावर रोवून तिच्यापुढे बसायचे. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’पासून आला, तर ‘चाकू’ तुर्की-फारसी वळणाने. ‘अडकित्ता’ कानडीतून आला. त्यात ‘अडके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्तरि’ म्हणजे कातर. मराठी स्वयंपाकघरातल्या पात्यांच्या नावांतच अनेक भाषांचा संगम आहे.

४/२३
क्रियापदांतही तोच बारकावा आढळतो. भाजी चिरतात, नारळ खवतात, खोबरे किसतात, दुधी सोलतात, सुपारी कातरतात, कैरी फोडतात. गोव्यात विळीला आदोळी म्हणतात, विदर्भाच्या काही भागांत पावशी. शेजारच्या भाषांतली नावे आणखी बोलकी आहेत. तेलुगूत ‘कत्तिपीट’, कानडीत ‘ईळिगे मणे’, तमिळमध्ये ‘अरिवाळ्मणै’. पीट, मणे, मणै या तिन्हींचा अर्थ पाट किंवा बसण्याची फळी. बंगालमध्येही हेच हत्यार ‘बँटी’ या नावाने घरोघरी होते. शेजाऱ्यांनी या हत्याराला नाव देताना पात्याइतकेच महत्त्व पाटाला दिले. पुढील इतिहासाची किल्ली या पाटातच आहे.

५/२३
विळी चालते कशी, ते पाहू. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर राहते. विळीत याच्या उलट. पाते पाटावर घट्ट रोवलेले असते, पाट पायाखाली दाबलेला असतो आणि दोन्ही हातांत धरलेली भाजी पात्यावर पुढे सरकते. दोन्ही हात भाजीवर असल्याने फळी लागत नाही. फोडी थेट पातेल्यात किंवा पाण्यात पडतात. आता पाश्चात्त्य स्वयंपाकघरातल्या ‘मँडोलिन’ची, म्हणजेच चकत्या पाडणाऱ्या पाटीची, रचना आठवावी. तिच्यातही पाते स्थिर आणि भाजी सरकती. त्यामुळे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने विळी ही सुरीपेक्षा या पाटीची जवळची नातेवाईक ठरते.

६/२३
फरक एकच, पण मोलाचा. पाटीत फोडीची जाडी पाते आणि पाटी यांच्यातली फट ठरवते. विळीत ती चिरणाऱ्याची बोटे ठरवतात. म्हणून एकाच विळीवर शेपूची जुडी मुठीत धरून बारीक चिरता येते, गवारीचे तुकडे करता येतात, भेंडीच्या चकत्या पाडता येतात आणि भरल्या वांग्यासाठी देठ न तोडता चार उभ्या चिराही देता येतात. मेथी, अंबाडी, चुका, करडईची कोवळी पाने ही मराठवाड्याच्या ताटातली नेहमीची मंडळी. यांतले एकही पान चकतीच्या पाटीवर सरकत नाही. इथल्या भाज्यांनी आपल्याला साजेसे हत्यार निवडले होते.

७/२३
आता पात्याच्या लोखंडाकडे वळू. महाराष्ट्राला लोखंड नवे नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातच या भूमीत धातुक गाळून हत्यारे घडत होती. हिंगोली ज्या निजामी मुलखात होती, त्याच राज्यात जगप्रसिद्ध पोलादाचे एक केंद्र होते, कोनासमुद्रम. आज हे गाव तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात येते; हिंगोलीहून आग्नेयेला, गोदावरीच्या खोऱ्यातच.

८/२३
कोनासमुद्रमला मुशीत लोखंड आणि कार्बन एकत्र तापवून ‘वूट्झ’ पोलाद तयार होई. दमास्कस तलवारींची जी ख्याती जगभर पसरली, ती अशाच दक्षिण भारतीय पोलादावर उभी होती. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेले भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयझी यांनी या कारखानदारीचे वर्णन लिहून ठेवले. ते १८३२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यातून इराणी व्यापारी पोलादासाठी या आडगावापर्यंत येत, हे कळते. तलवारीचे पोलाद इराणला जाई. गावातली विळी मात्र साध्या लोखंडाची असे. तिची धार टिकवण्यासाठी दूरचा व्यापारी नव्हे, गावचा लोहार हवा होता.

९/२३
त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात जुन्या गावाची व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. शेतकऱ्याची औत-अवजारे दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, हा त्यांचा करार. विळीचा पाट सुताराने करायचा आणि पाते लोहाराने. धार बोथटली की पाते लोहाराच्या भात्यापाशी जाई आणि पाजवून परत येई. प्रत्येक वेळी रोख पैसे मोजावे लागत नसत, कारण धारेचा मोबदला वर्षाच्या वाट्यात आधीच मोजलेला असे. म्हणजेच हत्यार घराचे आणि धार गावाची, अशी ही रचना होती.

१०/२३
या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता कामा नये. बलुते जन्माने ठरत असे. कोणी कोणते काम करायचे आणि कोणी कोणाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, हेही जातच ठरवत असे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने त्या जगण्याचे अपमान मराठी वाचकांपुढे उघडे केले. म्हणून ‘पूर्वी सारे कसे छान होते’ असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. निघतो तो एवढाच : धार राखणे हे तेव्हा कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते. ती व्यवस्था मोडली, मोडायलाच हवी होती. पण ते काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

११/२३
गावच्या लोहाराइतकेच महत्त्वाचे होते फिरस्ते घिसाडी. बैलगाडीवर संसार लादून गावोगाव हिंडायचे, गावाबाहेर पाल टाकायचे, भाता आणि ऐरण मांडायची आणि विळे, विळ्या, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. घिसाडी कुटुंबात ऐरणीवर तापलेले लोखंड पुरुषाने सांडशीत धरायचे आणि घण स्त्रीने घालायचा, हे दृश्य मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत आणि जत्रांत अनेकांनी पाहिले आहे. एका स्त्रीने घणाखाली घडवलेले पाते दुसरी स्त्री पायाखाली दाबून चालवी. दोघींची श्रमाची कहाणी एकाच लोखंडावर लिहिलेली आहे.

१२/२३
पाते घडवण्याचे शास्त्र ‘पाणी देणे’ या शब्दप्रयोगात साठवलेले आहे. पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवले की ते कठीण होते. पण तेवढेच ठिसूळही होते. मग ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवावा लागतो. ज्याला हा मेळ साधतो, त्याचे पाते ‘पाणीदार’. विसाव्या शतकात लोहारांना एक नवा कच्चा माल मिळाला : मोटारी आणि ट्रकचे जुने कमान-पाटे. स्प्रिंगसाठी बनलेले ते पोलाद पात्यालाही उत्तम चालते. रस्त्यावर लाखो मैल धावलेल्या ट्रकचा पाटा पुढे कुठल्यातरी स्वयंपाकघरात वांगी चिरू लागला.

१३/२३
या पोलादात एक खोड होती. ते गंजे, आणि वांगे किंवा कच्चे केळे चिरले की काळे पडे. या भाज्यांतील टॅनिनसारख्या द्रव्यांचा लोखंडाशी संयोग झाला की काळसर संयुगे तयार होतात. फोडी पाण्यात टाकण्याची रीत त्यावरचा उतारा होती. चिरून झाल्यावर पाते लगेच पुसणे आणि अधूनमधून चिंच किंवा राख लावून घासणे हा दुसरा. पाते जपण्याची ही सवय घरातली, धार लावण्याची जबाबदारी बाहेरची. अशा दुहेरी सांभाळावर विळी दोन-दोन पिढ्या टिके.

१४/२३
मग जुने स्वयंपाकघर यंत्रविरोधी होते काय? मुळीच नाही. सुपारीसाठी अडकित्ता, शेवेसाठी सोऱ्या, खोबऱ्यासाठी किसणी, ओल्या नारळासाठी विळीच्या टोकाची दातेरी खवणी. कोकणातील विळीला खवणी हवीच. मराठवाड्याच्या रोजच्या मसाल्यात सुके खोबरे असल्याने इथे तिचे तेवढे अडत नसे. उन्हाळ्यात बाजारात बसणारा कैऱ्या फोडणारा आठवावा. लाकडी पाटावर बसवलेल्या लांब दांड्याच्या मोठ्या अडकित्त्याने तो कोयीसकट कैरीच्या फोडी पाडतो. तरफेचे तत्त्व वापरणारे हे भाजी-फळे चिरण्याचे यंत्रच. जिथे बोटांचे बळ पुरत नाही, तिथे यंत्र आणायचे, हा जुन्यांचा हिशेब होता.

१५/२३
ही हत्यारे पाहायची असतील तर पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यांतल्या तलवारी जपणारी संग्रहालये अनेक आहेत. केळकरांनी अडकित्ते, भाजी चिरण्याची साधने, सोरे, दिवे, झारे जमवले. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंतही इतिहास असतो, ही जाणीव मराठी समाजाला ज्यांनी दिली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

१६/२३
एकसारख्या चकत्यांची गरजही जुनीच. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात गवार, भेंडी, कारली, वांगी यांचे काप करून वाळवायचे आणि भाजी दुर्मीळ होईल तेव्हा ते वापरायचे, ही बेगमीची रीत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना या बेगमीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. काप जाड-पातळ झाले तर पातळ कडक होतात आणि जाड आतून ओले राहून बुरसतात. इथे चकतीची जाडी म्हणजे सौंदर्याचा नव्हे, अन्न टिकण्याचा प्रश्न. म्हणूनच बटाट्याचे वेफर्स घालण्यासाठी चकत्या पाडणारी किसणी आली, तेव्हा मराठी घरांनी तिचे विनातक्रार स्वागत केले. तिथे ती बोटांपेक्षा खरोखरच सरस होती.

१७/२३
मग विळी मागे का पडली? धारेच्या कसोटीवर ती हरली नव्हती. तिच्या पायाखालची जमीन सरकली. टेबलावरची सुरी हिंगोलीजवळ फार पूर्वीच पोहोचली होती. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी हिंगोलीत होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. त्या छावणीतले गोरे अधिकारी टेबलावर सुरी-काट्याने जेवत. तरी सुरी गावच्या घरात शिरून विळीची जागा घेऊ शकली नाही. कारण सरळ आहे. सुरीला उभ्याने वापरायला टेबल किंवा ओटा लागतो आणि घरची चूल जमिनीवर होती. स्वयंपाक बसून, जेवण बसून, तेव्हा चिरणेही बसूनच.

१८/२३
ही बैठक मोडली गॅसने. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस आणला. गॅसची शेगडी ओट्यावर गेली आणि तिच्यामागोमाग स्वयंपाक करणारी स्त्री उभी राहिली. शहरांत हे काही दशकांत घडले. खेड्यांत फार सावकाश. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हाही ग्रामीण भागात चूलच मुख्य होती. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावोगाव पोहोचले. ओटा आला तशी विळी माळ्यावर गेली. उभ्या माणसाला पायाखाली पाट दाबता येत नाही.

१९/२३
या बदलात सुटकाही होती. दिवसातले कित्येक तास उकिडवे किंवा मांडी घालून, धुरात, वाकून काम करणाऱ्या स्त्रीसाठी उभे राहणे ही चैन नव्हती. गुडघ्यांना आणि पाठीला मिळालेली सवलत होती. उघडे पाते रांगत्या मुलाच्या उंचीवर नसणे हाही मोठा दिलासा. पाते आत मिटणारी घडीची विळी याच भीतीवरचा तोडगा. पण काही हरवलेही. लग्नघरी, सप्ताहाला, दिंडीच्या मुक्कामी दहा-बारा जणी विळ्या घेऊन गोल बसत आणि डोंगरभर भाजी गप्पांत चिरून होई. ओट्यापाशी एकच माणूस उभा राहतो. चिरणे तेव्हा सामुदायिक होते, आता ते एकट्याचे झाले.

२०/२३
ओट्यावर आलेली सुरी मात्र जुन्या पोलादाची नव्हती. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्यांचा जन्म त्यातून झाला. त्या काळ्या पडत नसत, पण सुरुवातीच्या सुऱ्यांची धार इतकी बेताची होती की, ब्रिअर्लींची ‘न कापणाऱ्या सुरीचा जनक’ अशी थट्टा झाली. पुढे हे पोलाद सुधारले. तरी एक भ्रम मागे राहिला : जे गंजत नाही ते बोथटतही नाही. चकाकणारी सुरी वर्षानुवर्षे धार न लावता वापरली जाऊ लागली. लोहार लांब गेला होता आणि साण असलेला धारवाला शहराच्या गल्लीपुरता उरला. ‘जंजीर’ (१९७३) चित्रपटात जया भादुरी यांनी रंगवलेली नायिका सुऱ्यांना धार लावणारी होती. आजच्या पिढीला तो व्यवसाय पडद्यावरच भेटतो.

२१/२३
याच पोकळीत चिरण्याची यंत्रे शिरली. अमेरिकेत १९६३ मध्ये सॅम्युअल पोपील यांचे ‘व्हेज-ओ-मॅटिक’ आले. त्यांचे पुत्र रॉन पोपील यांनी ते दूरचित्रवाणीवर विकून घराघरात पोहोचवले. आज प्रदर्शनात दिसणारे प्रात्यक्षिक त्याच विक्रीकलेच्या घराण्यातले. इकडे मराठी पाककृतींचे लेखनही बदलत होते. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. जिन्नसाचे माप ठरले, पण ‘बारीक चिरलेला कांदा’ म्हणजे किती बारीक, हे मात्र हातावर सोडलेले राहिले. जो हात आईजवळ विळीवर शिकला नव्हता, त्याला ते यंत्राने ठरवून दिले.

२२/२३
मग श्रेष्ठ कोण? उत्तर कांद्याकडे आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतले विकर काम करू लागते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी यामागचे नेमके विकर शोधून काढले. धारदार पाते पेशी कमी चिरडते, बोथट पाते जास्त. दोरीचा चॉपर पात्यांना गरगर फिरवून कांदा एकदा नव्हे, अनेकदा तोडतो. म्हणून त्याच्या कांद्याला पाणी सुटते; तो परतण्याऐवजी शिजू लागतो. पातळ एकसारख्या चकत्या हव्या असतील तर पाटी श्रेष्ठ. पण बोटे राखण्याचे साधन लावल्याखेरीज तिला हात लावू नये. ज्यांच्या बोटांत बळ उरले नाही, हात कापतात, त्यांच्यासाठी चॉपर हे खरे साहाय्य. उरलेल्या साऱ्या कामाला, पालेभाजीपासून भरल्या वांग्यापर्यंत, एक चांगली सुरी पुरते. अट एवढीच की तिला धार हवी.

२३/२३
हा वाद वरवर सुरी आणि यंत्राचा दिसतो. इतिहास सांगतो की तो धारेच्या सांभाळाचा आहे. बलुत्याच्या काळात ती जबाबदारी गावाने एका जातीच्या माथी मारली होती. ती सक्ती गेली हे योग्यच झाले, पण जबाबदारी कोणी उचलली नाही. बोथट सुरीला कंटाळलेले घर नवे यंत्र घेते, त्याची पातीही वर्षभरात बोथटतात, त्यांना धार लावण्याची सोय नसते, मग तेही अडगळीत जाते. त्याऐवजी एक दगडी निसणा आणि महिन्याकाठी पाच मिनिटे पुरतात. पिकलेला टोमॅटो न चेपता चिरला गेला की धार जमली असे समजावे. आणि बाजारात पाल टाकून बसलेला घिसाडी दिसला, तर घरातले बोथट पाते त्याच्याकडे न्यावे, त्याच्या श्रमाचे दाम रोख द्यावे. खंडेनवमीला पात्यावर फूल वाहण्याचा खरा अर्थ, वर्षातून एकदा तरी हत्यार हातात घेऊन त्याची धार तपासणे, हाच असला पाहिजे.

धागा समाप्त.
#इतिहास #मराठवाडा #हिंगोली #खाद्यसंस्कृती